निकषांची उलटतपासणी : पॉप आणि थ्रॅश मेटल यांच्या चाहत्यांचा वाद

१

वाङ्मयसमीक्षेच्या इतिहासात वादांना मानाचे स्थान आहे. संस्कृत काव्यशास्त्रातील अलंकारवाद आणि ध्वनिवाद, मराठीतील फडके-खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला कलावाद आणि जीवनवाद, अशा विरोधांतून समीक्षेची परिभाषा घडत गेली. मात्र वाद घालणारे पंडित किंवा लेखक नसून एखाद्या गायिकेचे वा वाद्यवृंदाचे चाहते असतील, तर त्यांच्या बोलण्याला समीक्षा म्हणावयास अभ्यासक सहसा राजी होत नाहीत. त्या बोलण्यातील आवेश, अतिशयोक्ती आणि एकमेकांची निर्भर्त्सना पाहून ते 'आवडनिवडीचे भांडण' या सदरात टाकले जाते. सांस्कृतिक अभ्यासाच्या प्रसारानंतर या भांडणाकडे लक्ष जाऊ लागले हे खरे. परंतु तेही बहुधा वर्ग, वय, लिंग यांच्या खुणा शोधण्यासाठी. चाहता जे कारण देतो ते खरे कारण नव्हेच, खरे कारण त्याच्या सामाजिक स्थानात दडलेले आहे, असे या अभ्यासाचे गृहीतक असते.

पॉप आणि थ्रॅश मेटल यांच्या चाहत्यांमधील वाद हे या संदर्भात बोलके उदाहरण आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत हे दोन्ही प्रवाह एकाच वेळी बहराला आले. एका बाजूस मायकेल जॅक्सन, मॅडोना, प्रिन्स यांची जगभर पोचलेली गाणी. दुसऱ्या बाजूस सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात, लॉस एंजेलिसमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेले मेटॅलिका, एक्सोडस, स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स यांचे अतिवेगवान, कर्कश, गिटारप्रधान संगीत. 'यांतले चांगले कोणते?' हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या श्रोत्यांमध्ये धुमसत राहिला.

या वादातील पक्षांपैकी कोणाची सरशी झाली, हे ठरवणे येथे अभिप्रेत नाही. प्रतिपादन एवढेच आहे की, हा वाद समीक्षेचा कच्चा माल नसून काही क्षणी स्वतःच समीक्षा होतो, आणि तो क्षण ओळखता येतो. चाहता जो निकष परपक्षावर चालवतो, तोच निकष स्वपक्षावर चालवण्याची पाळी आली असता तो मागे घेत नाही, तेव्हा त्याचे मत केवळ आवड राहत नाही. निकषाची अशी उलटतपासणी या वादाच्या दोन्ही बाजूंना नऊ महिन्यांच्या अंतराने करावी लागली : पॉपच्या बाजूस नोव्हेंबर १९९०मध्ये आणि थ्रॅशच्या बाजूस ऑगस्ट १९९१मध्ये.

२

प्रथम दोन्ही पक्षांची परिभाषा पाहणे आवश्यक आहे. थ्रॅशच्या चाहत्याच्या बोलण्यात 'रिफ' हा शब्द केंद्रस्थानी असतो. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी, लयीत घट्ट बसवलेली छोटी स्वराकृती. थ्रॅशमध्ये गाण्याची उभारणी अशा रिफांच्या साखळीवर होते. तळहाताने तारा दाबून काढलेला खुंटल्यासारखा नाद, दोन्ही पायांनी वाजवला जाणारा दुहेरी बास ड्रम आणि मिनिटाला २००च्या आसपास वा त्याहून अधिक ठोक्यांची लय ही त्याची ओळख. पॉपच्या चाहत्याच्या बोलण्यात हे स्थान 'हुक'ला असते. हुक म्हणजे कानात अडकून राहणारा तुकडा. तो बहुधा गायकाच्या गळ्यात आणि ध्रुवपदात असतो. मराठी श्रोत्याला भावगीताचा मुखडा ज्या प्रकारे स्मरणात राहतो, त्याच्याशी हुकचे नाते आहे. रिफ आणि हुक दोन्ही पुनरावृत्तीवर जगतात. पण रिफ शरीराला धडक देतो आणि हुक गुणगुणायला लावतो. येथपर्यंतचा भेद वर्णनाचा आहे.

मूल्यांचा भेद दुसऱ्या शब्दांतून कळतो. थ्रॅशच्या परिसरातील सर्वांत जहाल निंदाव्यंजक शब्द 'पोझर' हा होता. सोंग आणणारा, वेष धारण केलेला पण आतून कोरा, असा त्याचा आशय. लक्षणीय गोष्ट अशी की, हा शब्द मॅडोनाच्या श्रोत्यांवर क्वचितच वापरला जाई. त्याचा खरा रोख जवळच्या शेजाऱ्यावर होता : लॉस एंजेलिसमधील ग्लॅम मेटल वाद्यवृंदांवर, म्हणजे केशभूषा, रंगरंगोटी आणि गोड ध्रुवपदे यांच्या आधारे मेटलला पॉपच्या बाजारात नेणाऱ्यांवर. १९८१मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्थापन झालेल्या मेटॅलिकाने १९८३च्या आरंभी ते शहर सोडून उपसागराच्या परिसरात मुक्काम हलवला. बासवादक क्लिफ बर्टन याने तिकडे येण्याची अट घातली होती हे त्याचे तात्कालिक कारण. पण चाहत्यांच्या स्मृतीत ते स्थलांतर ग्लॅमच्या शहरातून अस्सलपणाच्या गावी झालेले निर्गमन ठरले. 'पोझर'च्या उलट बाजूस श्रम, कौशल्य, प्रामाणिकपणा आणि बाजाराविषयी बेफिकिरी ही मूल्ये होती. ध्वनिफितींची टपालाने देवघेव आणि हौशी पत्रिका यांच्या जाळ्यातून हे संगीत रेडिओच्या मदतीवाचून पसरले होते, त्यामुळे या मूल्यांना अनुभवाचा आधारही होता.

पॉपच्या चाहत्याची मूल्ये तितकी घोषणाबद्ध नाहीत, म्हणून ती नाहीतच असा समज होतो. वास्तविक ती पुरेशी स्पष्ट आहेत : रचनेची सफाई, आशयाची तात्काळ पोच, नृत्याशी असलेले नाते आणि अपरिचितांनाही एकत्र गायला लावणारी सामायिकता. या दृष्टीने गाणे कोणी रचले, किती कष्टाने वाजवले यापेक्षा ते श्रोत्यापाशी पोचून काय करते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. थ्रॅशचा चाहता निर्मितीच्या बाजूने बोलतो आणि पॉपचा चाहता ग्रहणाच्या बाजूने, असे सूत्ररूपाने म्हणता येईल.

परंतु ही सूत्रे प्रत्यक्ष कृतींवर ताडून पाहिली की त्यांच्यात फटी दिसू लागतात. 'पॉप म्हणजे अडीच-तीन मिनिटांचा झटपट माल, थ्रॅश म्हणजे विस्तृत रचना' हा थ्रॅशपक्षाचा आवडता युक्तिवाद. त्याला मेटॅलिकाच्या १९८६च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'चा आधार मिळतो. तेथे ८ रचना सुमारे ५५ मिनिटे घेतात. मात्र त्याच वर्षी आलेल्या स्लेयरच्या 'रेन इन ब्लड' या थ्रॅशच्या दुसऱ्या मानदंडात १० रचना सुमारे २९ मिनिटांत संपतात. त्याचा निर्माता रिक रूबिन हा हिप-हॉपच्या क्षेत्रातून आलेला होता. उलट, प्रिन्सच्या १९८४च्या 'पर्पल रेन'चे शीर्षकगीत ८ मिनिटांहून मोठे आहे. 'पॉपमध्ये वाद्यकौशल्य नसते' या आक्षेपाला मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'मधील (१९८२) 'बीट इट' हे गीत उत्तर देते. त्यातील गिटारचा एकलवादनाचा भाग एडी व्हॅन हेलन याचा आहे. 'थ्रॅशमध्ये गाणेच नसते' या पॉपपक्षाच्या आक्षेपाला मेटॅलिकाचे १९८४चे 'फेड टू ब्लॅक' खोडून काढते. संथ, स्वरमधुर आरंभाच्या त्या रचनेमुळे काही चाहते तेव्हाच नाराज झाले होते. म्हणजे रूपाच्या पातळीवर सीमारेषा जेथे असल्याचे दोन्ही पक्ष सांगतात, तेथे ती नाही.

३

येथे समाजशास्त्रीय स्पष्टीकरण पुढे येते. रूपात भेद नाही तर तो माणसांत असला पाहिजे, असे ते सुचवते. पियेर बोर्द्यू यांनी १९७९च्या 'ला दिस्तँक्सियाँ' या ग्रंथात अभिरुची ही सर्वप्रथम इतरांच्या अभिरुचीविषयीची अरुची असते, असे दाखवून दिले. बेथनी ब्रायसन यांचा १९९६चा प्रसिद्ध निबंध प्रस्तुत विषयाच्या अधिक जवळचा आहे. १९९३च्या अमेरिकी सामाजिक सर्वेक्षणाच्या आधारे त्यांनी असे दाखवले की, अधिक शिकलेले लोक अनेक संगीतप्रकारांविषयी सहिष्णु असतात. पण ही सहिष्णुता नेमकी त्या प्रकारांपाशी थांबते, ज्यांचा श्रोतृवर्ग सर्वांत कमी शिकलेला असतो. हेवी मेटल हा त्यांपैकी एक. निबंधाच्या शीर्षकातच ब्रायसन यांनी 'हेवी मेटल सोडून काहीही' असा सुशिक्षितांचा सूर पकडला आहे. सर्वांविषयी उदार असणे हीच उच्चभ्रूपणाची नवी खूण ठरते, हा त्यातील मर्मभेदी निष्कर्ष.

या स्पष्टीकरणाचे सामर्थ्य नाकारता येत नाही. १९८५मध्ये वॉशिंग्टनमध्ये स्थापन झालेल्या पालकांच्या संगीतविषयक मंडळाने आक्षेपार्ह गाण्यांची एक यादी प्रसिद्ध केली. तिच्यातील १५ गाण्यांत ज्यूडस प्रीस्ट, ब्लॅक सॅबथ, व्हेनम हे मेटलचे वाद्यवृंद होते, तसेच प्रिन्स, मॅडोना आणि सिंडी लॉपर हे पॉपचे कलावंतही होते. १९ सप्टेंबर १९८५ रोजी या विषयावर अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. चाहते ज्या दोन प्रवाहांना परस्परांचे शत्रू मानत होते, त्यांना बाहेरच्या अधिकारसत्तेने एकाच पिंजऱ्यात उभे केले. यादी करणाऱ्यांच्या दृष्टीने रिफ आणि हुक यांतील भेद नगण्य होता; प्रश्न होता तो कोवळ्या वयाच्या श्रोत्यांना स्वतःचे ठरवता येते की नाही हा. ते ठरवता येत नाही, हे गृहीत धरूनच यादी झाली होती.

लिंगभावाचाही येथे विचार करावा लागतो. थ्रॅशच्या चाहत्याने पॉपवर घेतलेल्या आक्षेपांपैकी 'मऊ', 'गोडगोड', 'किंचाळणाऱ्या पोरींचे संगीत' ही विशेषणे संगीताविषयी काहीच सांगत नाहीत. ती श्रोत्रीचा अधिकार नाकारतात. थ्रॅशचे मंच आणि त्यापुढील गर्दी प्राधान्याने पुरुषांची होती, हे लक्षात घेता 'अस्सलपणा' या मूल्यात पुरुषीपणाचा अंश मिसळलेला होता, यात शंका नाही. त्याचप्रमाणे पॉपच्या चाहत्याने थ्रॅशला 'गोंगाट' म्हणणे हेही पुष्कळदा ध्वनीचे वर्णन नसून कामगारवस्तीतल्या, केस वाढवलेल्या तरुणांपासून राखलेले अंतर असते.

एवढे मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो. कारणांमागे सामाजिक हेतू असतात म्हणून कारणे निरर्थक ठरतात काय? तसे असेल तर तोच न्याय बोर्द्यू वाचणाऱ्या अभ्यासकाच्या अभिरुचीलाही लावावा लागेल आणि समीक्षा नावाचा व्यवहारच संपुष्टात येईल. टेओडोर अडोर्नो यांनी १९४१च्या लोकप्रिय संगीतावरील निबंधात पॉपवर घेतलेला आक्षेप, म्हणजे साचेबद्ध रचना आणि तिच्यावर चढवलेला वेगळेपणाचा आभास, हा थ्रॅशच्या चाहत्याच्या आक्षेपापासून तत्त्वतः फारसा दूर नाही. अडोर्नो यांचे म्हणणे सिद्धान्त म्हणून तपासले जाते आणि चाहत्याचे म्हणणे लक्षण म्हणून. हा भेदभाव त्या म्हणण्यांच्या गुणवत्तेवर नव्हे, बोलणाऱ्याच्या पदावर आधारलेला आहे. म्हणून हेतू आणि निकष वेगळे करण्याची कसोटी हवी, आणि ती वादाबाहेरून आणण्यापेक्षा वादातच शोधणे अधिक योग्य.

४

पॉपपक्षाची उलटतपासणी मिली व्हनिली या जोडगोळीच्या निमित्ताने झाली. जर्मनीत निर्माता फ्रँक फारियन याने पुढे आणलेल्या या दोन देखण्या तरुणांची तीन गाणी १९८९मध्ये अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. फेब्रुवारी १९९०मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट नव्या कलावंतांचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. नोव्हेंबर १९९०मध्ये फारियनने उघड केले की, ध्वनिमुद्रणातील आवाज त्यांचे नव्हतेच. ते गाणारे कलावंत निराळे होते. पारितोषिक परत घेण्यात आले आणि फसवणूक झाल्याची तक्रार करणाऱ्या ग्राहकांना पैशांचा काही भाग परत देण्याची तडजोड अमेरिकेतील न्यायालयांत झाली.

या घटनेने पॉपच्या चाहत्याला त्याच्याच मूल्यांपुढे उभे केले. गाणे श्रोत्यापाशी पोचून काय करते एवढेच महत्त्वाचे असेल, तर आवाज कोणाचा होता याने काय बिघडले? गाणे तेच, हुक तोच, त्यावर केलेले नृत्यही तेच. तरीही पुष्कळांना फसवले गेल्यासारखे वाटले. म्हणजे अस्सलपणाचा निकष थ्रॅशच्या चाहत्यांची मक्तेदारी नव्हता. तो पॉपच्या आस्वादातही, न उच्चारलेल्या अटीच्या रूपाने, वावरत होता. ज्यांनी खऱ्या अर्थाने गायले होते त्या कलावंतांचा अल्बम १९९१मध्ये युरोपात प्रसिद्ध झाला, पण त्याला पूर्वीच्या यशाच्या जवळपासही जाता आले नाही. यावरून हेही दिसते की, नुसते 'खरे' असणे पुरेसे नव्हते. आवाज, देह आणि नृत्य यांची जी एकसंध प्रतिमा श्रोत्यांनी स्वीकारली होती, ती मोडल्यावर उरलेला कोणताही भाग एकटा टिकेना.

थ्रॅशपक्षाची उलटतपासणी १२ ऑगस्ट १९९१ रोजी सुरू झाली. त्या दिवशी मेटॅलिकाचा वाद्यवृंदाच्याच नावाचा, पण मुखपृष्ठामुळे 'काळा अल्बम' म्हणून ओळखला जाणारा अल्बम प्रसिद्ध झाला. निर्माता होता बॉब रॉक. १९८९मध्ये त्याने मॉटली क्रू या ग्लॅम वाद्यवृंदाचा 'डॉक्टर फीलगुड' केला होता. म्हणजे 'पोझर' हा शब्द ज्यांच्यासाठी होता त्यांच्याच गोटातला हा माणूस. या अल्बमवरील 'नथिंग एल्स मॅटर्स' या गीतासाठी मायकेल केमन याने तंतुवाद्यांच्या मोठ्या वृंदाची योजना केली. प्रसिद्ध होताच अल्बम अमेरिकी यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि पुढे केवळ अमेरिकेत त्याच्या १ कोटी ६० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी 'विकले गेले' असा निवाडा दिला. ही प्रतिक्रिया केवळ जमातीच्या निष्ठेची असती तर चाहत्यांनी आपल्या वाद्यवृंदाचे समर्थन करावयास हवे होते. तसे न करता ग्लॅमविरुद्ध वापरलेला निकष त्यांनी स्वतःच्या दैवतावर चालवला. येथे चाहता समीक्षक होतो. दुसरीकडे, त्याच निकषाच्या आधारे अल्बमचा बचाव करणारे चाहतेही होते, आणि त्यांचा युक्तिवाद अधिक सूक्ष्म होता. १९८८च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये ९ रचना सुमारे ६५ मिनिटांच्या होत्या. तेथे गुंतागुंत हेच प्रदर्शन झाले होते आणि नव्या बासवादकाचे वादन मिश्रणात जवळजवळ ऐकूच येत नव्हते. १९९१मध्ये १२ रचना सुमारे ६२ मिनिटांत बसल्या. म्हणजे सरासरी लांबी ७ मिनिटांवरून ५ मिनिटांच्या आसपास आली. वेग कमी झाला, पण प्रत्येक वाद्याचा नाद भरीव आणि स्वतंत्रपणे ऐकू येऊ लागला. या चाहत्यांच्या मते संयम हेही कौशल्यच होते आणि लांबी कमी करणे म्हणजे बाजाराला शरण जाणे नव्हे. त्यांनी 'श्रम' हा निकष सोडला नाही. श्रम कशात असतात याची व्याख्या विस्तारली. तसे करताना रचनेची सफाई हे पॉपपक्षाचे मूल्य त्यांनी स्वतःच्या परिभाषेत आणून बसवले.

डेव्हिड ह्यूम यांनी १७५७च्या अभिरुचीविषयक निबंधात 'दोन किहोते'मधील एका कथेचा उपयोग केला आहे. सांचोचे दोन आप्त एका पिंपातील मद्य चाखतात. एकाला त्यात चामड्याची किंचित चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांची थट्टा करतात; पण पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामडी वादी लावलेली लोखंडी किल्ली सापडते. काळ्या अल्बमविषयीच्या वादाची रचना अशीच आहे. 'यात पॉप आहे' म्हणणारे आणि 'यात अजूनही मेटल आहे' म्हणणारे दोघेही खरोखर त्या कृतीत असलेले काहीतरी चाखत होते. फरक एवढाच की, ह्यूमच्या कथेत किल्ली ही मद्यातील अशुद्धी आहे, तर येथे ती कृतीच्या घडणीचा भाग आहे. म्हणून ती सापडल्याने वाद मिटत नाही. तो नेमका होतो.

५

भारतीय संदर्भ या विवेचनात दोन ठिकाणी उपयोगी पडतो. पहिला मिली व्हनिलीच्या प्रकरणाशी निगडित आहे. पार्श्वगायन ही भारतीय चित्रपटांची सर्वमान्य रीत आहे; पडद्यावरील नटी ओठ हलवते आणि आवाज दुसरीचा असतो, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असते. मात्र ही मान्यताही एकदम आलेली नाही. १९४९च्या 'महल' या चित्रपटातील लता मंगेशकर यांनी गायलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव म्हणून चित्रपटातील पात्राचे, म्हणजे 'कामिनी'चे नाव छापले गेले होते. श्रोत्यांकडून रेडिओकडे विचारणा होऊ लागल्यावर खरे नाव लोकांपुढे आले. येथे श्रोत्यांनी परक्या आवाजाचा निषेध केला नाही. आवाजाला त्याचे नाव मिळावे, एवढी मागणी केली. तीतून कलावंत आणि श्रोता यांच्यात एक करार निर्माण झाला. मिली व्हनिलीच्या बाबतीत दोष परक्या आवाजाचा नव्हता, असा करार नसताना तो असल्याचे भासवण्याचा होता. अस्सलपणा हा कृतीचा गुण नसून कराराचे पालन आहे, हे तुलनेमुळे स्पष्ट होते. आणि तो करार कोणत्या अटींवर उभा आहे, हे श्रोत्यांच्या तक्रारीवाचून कधीच कळले नसते.

दुसरा संदर्भ मराठी संगीतसमीक्षेचा आहे. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथाच्या मुळाशी मैफलींतून चालणारा रसिकांचा वादच होता : किराणा श्रेष्ठ की आग्रा, की जयपूर? देशपांडे स्वतः जयपूर घराण्याच्या गायकीचे शिक्षण घेतलेले होते. तटस्थ निरीक्षक नव्हते. तरीही त्यांनी घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमधील अक्षावर केली आणि किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, तर जयपूर दोहोंच्या समतोलापाशी आहे असे प्रतिपादन केले. समतोलाचे स्थान स्वतःच्या घराण्याला देण्यात पक्षपात आहे, असे म्हणता येईल. परंतु एकदा अक्ष मांडल्यावर तो पक्षपात तपासता येतो, त्याविरुद्ध पुरावा देता येतो, अक्षच अपुरा आहे असेही म्हणता येते. आवडीचे रूपांतर तपासण्याजोग्या विधानात करणे हीच देशपांडे यांची कामगिरी. थ्रॅश आणि पॉप यांच्या चाहत्यांना असा ग्रंथकार मिळाला नाही; पण निर्मिती आणि ग्रहण, गुंतागुंत आणि सफाई हे अक्ष त्यांच्या वादात विखुरलेले आहेत.

याही मागे गेल्यास नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीची चर्चा करताना प्रेक्षकांच्या हास्य, साधुकार, रोमांच, आसनावरून उठणे अशा प्रतिसादांना सिद्धीच्या खुणा मानले आहे. आणि मतभेद झाल्यास निवाडा देणारे 'प्राश्निक' विषयानुरूप वेगवेगळे सांगितले आहेत : नर्तनासाठी नर्तक, छंदांसाठी छंदोविद, चित्रासाठी चित्रकार. सर्व विषयांवर एकच अधिकारी न मानण्याची ही दृष्टी प्रस्तुत प्रश्नाला लागू पडते. रिफच्या घडणीविषयी थ्रॅशचा चाहता प्राश्निक आहे, हुकच्या पोचीविषयी पॉपचा चाहता. प्रत्येकाचा अधिकार खरा आहे, पण तो मर्यादित आहे. आणि वाद बिघडतो तो ही मर्यादा विसरली गेल्यावर.

६

एकविसाव्या शतकात या वादाची पार्श्वभूमी बदलली. ऑक्टोबर २००४मध्ये केलेफा सानेह यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील लेखात 'रॉकवादा'वर टीका केली. स्वतः लिहून, स्वतः वाजवून, मंचावर घाम गाळून सादर केलेले संगीतच खरे, हा निकष सर्व संगीतावर लादण्याच्या वृत्तीला त्यांचा आक्षेप होता. २००७मध्ये कार्ल विल्सन यांनी सेलीन डियाँ हिच्या एका अल्बमवर स्वतंत्र पुस्तक लिहून, न आवडणाऱ्या संगीताच्या चाहत्यांची कारणे समजून घेण्याचा प्रयत्न केला. पॉपला समीक्षेत प्रतिष्ठा मिळाली ती या वळणावर. ती न्याय्य होती. विशेषतः श्रोत्रींच्या अभिरुचीवर झालेल्या अन्यायाची ती भरपाई होती.

त्यानंतर सीमा उल्लंघणे नित्याचे झाले. सप्टेंबर २०२१मध्ये काळ्या अल्बमच्या तीस वर्षांनिमित्त निघालेल्या 'द मेटॅलिका ब्लॅकलिस्ट' या संग्रहात ५३ कलावंतांनी त्यातील गाणी नव्याने सादर केली. त्यांत पॉपगायिका मायली सायरस होती, तसेच मुंबईचा रॅपगायक डिव्हाइन आणि हिंदी चित्रपटांचा संगीतकार विशाल ददलानी हेही होते. ददलानी हा मुंबईच्या पेंटाग्राम या रॉक वाद्यवृंदाचाही गायक. म्हणजे वादाचे दोन्ही पक्ष एकाच व्यक्तीत नांदत असल्याचे हे उदाहरण. २०२२मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेच्या चौथ्या पर्वात केट बुश हिचे १९८५चे पॉपगीत 'रनिंग अप दॅट हिल' आणि मेटॅलिकाचे १९८६चे 'मास्टर ऑफ पपेट्स' ही दोन्ही वाजली. पहिले ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले आणि दुसऱ्याचा अमेरिकी यादीत प्रथमच प्रवेश झाला. मालिकेमुळे आलेल्या नव्या श्रोत्यांना काही जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली, तर मेटॅलिकाने त्यांचे जाहीर स्वागत केले.

या सर्वसमावेशकतेत एक धोकाही आहे, आणि तो ब्रायसन यांच्या निष्कर्षात आधीच सूचित झालेला आहे. सर्व काही आवडते असे म्हणणे ही प्रतिष्ठेची खूण झाली की, काही न आवडण्यास कारण देण्याची गरज उरत नाही. २०२२मधील जुन्या चाहत्याची कुरकुर आणि १९९१मधील जुन्या चाहत्याचा निवाडा यांतील फरक येथे ध्यानी घ्यावा लागतो. पहिल्याचा रोख कोण ऐकतो यावर आहे. नव्या श्रोत्याचे वय आणि आगमनाचा मार्ग यांपलीकडे त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, आणि तो निकष स्वतःवर उलटवला तर तोही कधी तरी नवाच होता हे त्याला मान्य करावे लागेल. दुसऱ्याचा रोख काय ऐकू येते यावर आहे आणि त्याने तो निकष स्वतःच्या आवडत्या वाद्यवृंदावर उलटवून दाखवला आहे. पहिली मालकीची भाषा आहे, दुसरी समीक्षेची. दोहोंना एकाच 'चाहतेपणा'त जमा करणारा अभ्यास हा भेद गमावतो.

तुलनात्मक साहित्याचा अभ्यासक वेगवेगळ्या परंपरांच्या निकषांना एकमेकांसमोर उभे करतो आणि कोणत्याही एकीचा निकष सार्वत्रिक मानण्याचे टाळतो. चाहत्यांच्या वादात हेच कार्य, शास्त्राच्या शिस्तीवाचून आणि पुष्कळदा शिवराळ भाषेत, चाललेले असते. त्यातील पूर्वग्रह उघडे करणे आवश्यकच आहे. पण पूर्वग्रह वेगळे काढल्यानंतर जे उरते ते पुरावा म्हणून नोंदवून थांबता येणार नाही. नोव्हेंबर १९९०मध्ये पॉपच्या श्रोत्यांनी आणि ऑगस्ट १९९१नंतर थ्रॅशच्या श्रोत्यांनी स्वतःच्या आवडीविरुद्ध साक्ष दिली. अशी साक्ष ज्या वादात मिळते, त्या वादातील विधाने खरी की खोटी, पुरेशी की अपुरी, हे तपासणे हाच त्यांच्याविषयीचा योग्य आदर होय.